सोमवारची गोणपाटं

मिस्त्री, तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणजे हे पत्र तुम्ही असताना लिहिलं असतं, तरी समोर बसून मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. आता तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा तोही प्रश्न उरलेला नाही. आज सोमवार, आपल्या उद्यमनगरची सुट्टी. आत्ताच फौंड्रीतून येऊन हातपाय धुतलेत. सुट्टीच्या दिवशी तिथं माझं काय काम असतं, हे बायकोनं विचारणं कधीच सोडून दिलंय. चहा ठेवते आणि आपल्या कामाला लागते. थकलोय मी, मिस्त्री. अंगानं तसा बरा आहे, पण एक गोष्ट वीस वर्षं उराशी धरून बसायचा कंटाळा आलाय.

मी पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो. डिप्लोमाचा कागद अजून कोरा, शर्टाला इस्त्री, वय तेवीस. तुम्ही अठ्ठावन्नचे, माझ्या वडिलांपेक्षा मोठे, आणि कागदोपत्री माझ्या हाताखाली. आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून, हात काळे करणारा मी पहिलाच, त्यामुळं अक्कल कमी आणि रुबाब जास्त. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या मोल्डरला मी सगळ्यांदेखत झापलं. इंजिनच्या हेडाचा साचा त्यानं नीट ठोकला नव्हता, एवढं खरं होतं. पण सगळ्या फौंड्रीचे हात थांबले. तो माणूस उठला, अंगावरची वाळू झटकली आणि बाहेर निघून गेला. तुम्ही मला कोळशाच्या ढिगामागं नेलंत. मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

‘‘बाळ,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘वयानं मोठ्या माणसाला चूक सांगायची आसंल, तर तो तंबाखू मळत असताना सांगावी. मान खाली असतीया, हात गुतल्यालं असत्यात. ऐकून घेतो. आणि ऐकलंच न्हाय असं दावायला त्याला जागा बी ऱ्हाती.’’ चारचौघांत तुम्ही मला साहेबच म्हणायचात. बाळ म्हणालात ते कोळशाच्या ढिगामागं, आणि पुढं वाळूपाशी, दोघंच असताना. माणसं कशी सांभाळायची याचं एवढं एकच शिक्षण मला आयुष्यात मिळालं, आणि ते आजही पुरतंय.

वाळू तर तुम्ही मला अक्षरशः हातात धरून शिकवलीत. मूठभर उचलायची, आवळायची, मूठ उघडायची, आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कडा धारदार आल्या तर पाणी बरोबर, भुगा झाला तर कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. मी मोडत असे, तुम्ही नुसते बघत उभे. ‘‘अजून एक तांब्या पानी मारा,’’ एवढंच म्हणायचात. भट्टीवरचे म्हातारबुवा मात्र लोखंडाचा रंग बघायची वेळ आली की माझ्याकडं पाठ करायचे, जणू परीक्षेला बसलेत आणि मी कॉपी करणार आहे. तुम्ही कधी पाठ केली नाहीत. एकदा मी विचारलं, सगळं असं उघडं करून कसं सांगता? तुम्ही हसलात. ‘‘झाकून ठिवलं तर माझ्यासंगंच जळंल की.’’ मग खिशातली तुमची ती लहान थापी काढून मला दिलीत, साच्याच्या कडा गुळगुळीत करायची. अंगठा टेकवून टेकवून तिच्या मुठीला खळगा पडला होता. माझा अंगठा त्या खळग्यात कधी नीट बसला नाही, पण थापी अजून माझ्या टेबलावर आहे.

मी मात्र तुमचं सगळं वहीत लिहून घेत होतो. चारेक वर्षांत वही भरली. मग मला वाटलं, याचा तक्ता करावा. उन्हाळ्यात पाणी किती, पावसाळ्यात किती, जुन्या वाळूत नवी किती, चिकणमाती किती, संध्याकाळी ढीग ओल्या गोणपाटानं झाकायचा, सकाळी खालीवर करायचा. सुरेख अक्षरात काढला, काच लावली, भिंतीवर टांगला. मालक खूश झाले. तुम्ही त्याच्यासमोर हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, ‘‘काय काय लिवलंया, वाचा की.’’ मी चार ओळी वाचल्या. पाचव्या ओळीला ऑफिसातून हाक आली, आणि मी म्हणालो, बाकी सगळं तुम्ही सांगितलेलंच आहे मिस्त्री. तुम्ही मान डोलावलीत. त्या चार ओळींवर थांबायला नको होतं. अजून दहा ओळी वाचायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर महिन्याभरात मालकांनी मला बोलावून घेतलं. तुमचा खोकला वाढला होता, एका डोळ्यानं कमी दिसत होतं, साठी उलटली होती. माणूस वाईट नव्हता तो. त्यानं सरळ विचारलं, ‘‘समदं कागदावर आलंय न्हवं? मग मिस्त्री घरी बसला तर चालंल का?’’ माझ्यासमोर दोन शब्द होते. मी ‘चालेल’ म्हणालो. का म्हणालो हे वीस वर्षं स्वतःला विचारतोय. तुमच्या तब्येतीची काळजी होती, हे खोटं नाही. पण त्याहून खरं हे की, फौंड्रीतली माणसं काही अडलं की अजूनही माझ्यावरून चालत तुमच्याकडं जायची. मला वाटायचं, एकदा तरी ती माझ्यापाशी थांबावीत.

तुम्हाला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. दुपारची सुट्टी होती. तुम्ही वाळूच्या ढिगापाशी डबा आटोपून बसला होतात. मी आलो, उभा राहिलो, हवापाण्याचं काहीतरी बोललो. तुम्ही एकदा माझ्या तोंडाकडं बघितलंत. मग चंची काढलीत, तंबाखू तळव्यावर घेतलीत, चुना लावलात आणि मान खाली घालून मळायला लागलात. नेहमी दोन मिनिटांत मळून व्हायची. त्या दिवशी तुम्ही मळतच राहिलात. ‘‘सांगा,’’ म्हणालात.

मी सांगितलं. तुम्ही वर बघितलं नाहीत. माझं बोलणं संपल्यावर तंबाखू तोंडात टाकलीत, हात झटकलेत आणि मला वाळूचा पोत जरा भरड झालाय म्हणून सांगितलंत. आजवर माझा कुणी एवढा मान राखलेला नाही, आणि मी तेव्हा त्याला लायक नव्हतो.

तुम्ही घरी बसलात ते फाल्गुनात, ऊन तापायला लागलं होतं. पंधरा दिवसांत आपली बुधवारची भट्टी बिघडायला लागली. आपली भट्टी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पेटायची, हे तुम्हाला काय सांगायचं! शुक्रवारचा माल बरा, रविवारचा बरा, बुधवारचा मात्र भोकं पडलेला. हेडं कापून बघावीत तर आत फोडांसारखे पोकळ बुडबुडे. तक्त्यातलं सगळं तंतोतंत चाललं होतं. मी कोळसा बदलला, चिकणमाती बदलली, मोल्डरांच्या पाळ्या बदलल्या. कुणी म्हणालं, बुधवारला नजर लागली. एकानं भट्टीसमोर नारळ फोडला, आणि मी, विज्ञान शिकलेला माणूस, बाजूला उभा राहून हात जोडले. पावसाळ्यात जरा सुधारलं, तेव्हा नारळाचा गुण आला म्हणून सगळे खूश. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि पुन्हा तेच. मालक भंगाराच्या ढिगाकडं बघून माझ्याकडं बघायचे.

तुम्हाला विचारायचं सोडून मी सगळं केलं. एकदा सायकल काढून उचगावकडं, तुमच्या घरी यायला, निघालोसुद्धा. रेल्वेच्या फाटकात गाडीसाठी थांबावं लागलं. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि मी सायकल मागं वळवली. ज्याला तुमच्यावाचून चालेल म्हणालो, त्यानं कुठल्या तोंडानं तुमच्या दारात यायचं? मनात म्हटलं, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाऊ, तेव्हा बोलता बोलता विषय काढू. संक्रांतीच्या आधीच तुम्ही गेल्याचा निरोप आला. खोकल्यानं घात केला म्हणाले.

दहाव्यानंतर मी तुमच्या घरी आलो. तुमच्या मंडळींनी मला ओळखलं नाही, मग फौंड्रीचं नाव काढल्यावर पाट दिला, चहा ठेवला. चुलीपुढं बसून त्या तुमच्याविषयी बोलत होत्या, रडत नव्हत्या, उलट तक्रार करत होत्या. सगळ्या जगाला सोमवारी सुट्टी, पण यांचा पाय घरात ठरायचा नाही. दुपार कलली की सायकल काढायची आणि फौंड्री गाठायची. मी विचारलं, कशाला?

‘‘गोणपाटं भिजवाया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐतवारी भिजिवल्यालं सोमवारी वाळतंय, मग मंगळवारी वाळू वरनं कोरडी पडती म्हनायचं. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?’’

मी कपाकडं बघत होतो. तक्त्याप्रमाणं मंगळवारी सकाळी माणसं कोरड्या ढिगावर जादा पाणी मारायची. पाणी मुरायला वेळ मिळायचा नाही, कुठं ओली कुठं कोरडी, आणि बुधवारी त्या ओलीची वाफ होऊन लोखंडात शिरायची. इतकं सोपं होतं ते. दर मंगळवारी कामावर आलं की गोणपाटं ओली असायची. रविवारी भिजवलेलं गोणपाट मंगळवारपर्यंत ओलं कसं राहतं, हा प्रश्न आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यात चार वर्षांत एकदाही आला नाही. आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण तुमच्या लेखी ती सांगण्यासारखी विद्याच नव्हती, घरून निघताना चुलीतला विस्तव झाकावा तसं ते एक काम होतं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुढं म्हणाल्या, की काम सुटल्यावरसुद्धा तुम्ही तीन सोमवार गेला होतात. गेटावरच्या नव्या वॉचमननं आत सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या कुणाला घ्यायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे म्हणाला. मिस्त्री, तो हुकूम माझा होता. कुणीतरी येऊन साच्यांचे लाकडी पॅटर्न हलवतं, मोडतोड होते, म्हणून काढला होता. तिसऱ्या सोमवारी तुम्ही परत आलात तेव्हा मंडळींनी तुम्हाला म्हटलं, त्या सायबाला जाऊन सांगा की मग. तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही त्यांनी मला सांगितलं.

‘‘म्हनालं, त्यानं समदं लिवून घेतलंय. त्याला ठावं असंल.’’

पुढच्या सोमवारी दुपार कलल्यावर मी फौंड्रीत गेलो, बादलीनं पाणी आणलं आणि गोणपाटं भिजवली. बुधवारची भट्टी सुधारली. मालकांनी विचारलं, काय केलंत? मी म्हणालो, मिश्रणात थोडा फरक केला. तेव्हापासून एकही सोमवार चुकवलेला नाही, म्हणजे शक्यतो. एकदा बहिणीच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा बुधवारचा माल बिघडला आणि माणसं म्हणाली, साहेबांचा हात नसला की भट्टी रुसते. मला ते ऐकायला आवडलं. आता मोल्डर माझ्यापाशीच थांबतात. तक्त्याची काच दोनदा फुटली, दोनदा नवी बसवली, आतला कागद तोच आहे. त्यात सोमवार नाही.

मालक गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. त्यानं यंदा एक इंजिनिअर मुलगी घेतलीय, तेवीस वर्षांची. फौंड्रीत मुलगी म्हटल्यावर आधी माणसं बुजली, पण पोरगी हुशार आहे आणि हात काळे करायला भीत नाही. जुन्या माणसांशी कसं बोलायचं ते मी तिला सांगितलं, तुमचं तंबाखूचं. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी तसंच करून मोकळी झाली. मूठ आवळून वाळू मोडायलाही तिला शिकवलं. सहा महिने ती माझ्यामागं वही घेऊन फिरतेय. मागच्या आठवड्यात मालकांच्या मुलानं मला केबिनमध्ये बसवून, फार गोड शब्दांत, तिचं सगळं शिकून झालं का ते विचारलं. मी पन्नाशीला टेकलोय. तो प्रश्न मला ओळखता येतो.

शनिवारी ती माझ्या टेबलापाशी आली. मी सांगितलेलं सगळं तिनं टाइप करून आणलं होतं, अकरा पानं. म्हणाली, सर, मी वाचते, तुम्ही ऐका. मी म्हणालो, राहू दे, मीच सांगितलंय ना. तर म्हणाली, नाही सर, सगळं ऐका. आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं तिनं. एक ओळ गाळली नाही. सोमवार त्यात कुठंच नव्हता. मी ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होतो, मान खाली होती. वाचून झाल्यावर तिनं पानं नीट रचली.

‘‘सर, यात काही राहिलंय का?’’

टोक केव्हाच निघालं होतं. मी पेन्सिल तासतच राहिलो, आणि म्हणालो, नाही, सगळं आलंय.