नवी गाडी जुनी दिसावी म्हणून

आदरणीय शकीला आपा,

मुगलपुऱ्याहून धाकट्या बशारतचा सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? भाईजानांचा खोकला आता तरी कुणाचं ऐकतो का? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची भावजय कुलसूम पंधरा दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतताही भरपूर आहे. (फोन हाताशी असताना पत्र कशाला लिहीत बसलाय हा, असं तुम्ही म्हणाल. जरा दम धरा.)

तर तुमच्या भाचीने, मेहविशने, मोटारसायकल घेतली. लाल, सत्तर सीसीची, दूधवाल्यापासून मौलवीसाहेबांपर्यंत अख्ख्या लाहोरकडे असते तीच. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून रिक्षावाल्यांशी रोज हुज्जत घालून पोरीचा घसा बसला होता. मी मोठ्या तोऱ्यात "घे" म्हणालो खरा, पण मग काळजी करत बसलो. ही गाडी गेल्या कित्येक वर्षांत तसूभर बदललेली नाही हे तुम्ही जाणताच. दरवर्षी टाकीवरचं स्टिकर तेवढं बदलतं आणि आपण त्याला नवं मॉडेल म्हणतो. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा स्टिकर बघून गाडीचं वय सांगतं. मी विचार केला, नवीकोरी गाडी आणि वर मुलगी म्हणजे चोरांची नजर, टवाळांची नजर आणि समोरच्या हाजी रफाकतच्या बायकोची नजर (यातल्या पहिल्या दोन परवडल्या). स्टिकर काढलं की गाडी कुठल्या सालची हे कारखान्याच्या बापालाही सांगता यायचं नाही. बाजूचे पिवळे आणि मागचा लाल रिफ्लेक्टर तरी हवेत कशाला? अंधार पडला की लांबूनच डोळे मिचकावतात. कुणाचं लक्षच जाऊ नये अशी मला माझ्या लेकीची गाडी हवी होती.

नाक्यावरच्या मिस्त्रीने युक्ती सांगितली, की स्टिकर गरम हवेने शेकायचं आणि मग खालून दोरा करवतीसारखा ओढायचा. मेहविश कामावर गेली तशी मी कुलसूमचं केस वाळवायचं यंत्र घेतलं (तिच्या भावाने कुवेतहून आणलेलं, ईदखेरीज बाहेर न निघणारं). दोरा कुठला आणू? तेव्हा पतंगांवर बंदी आली त्या वर्षी मी पेटीच्या तळाशी लपवलेली फिरकी आठवली. आपा, तीच फिरकी, जी तुम्ही गच्चीवर धरायचात आणि "ढील दे, ढील दे" म्हणून माझं डोकं खायचात. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मांज्याला कसली धार असणार, असं मला वाटलं. चांगली होती. स्टिकर निघालं, त्याच्यासोबत रंग निघाला आणि माझ्या बोटाचं सालही निघालं. मग दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं, कारण एकच बाजू खरवडलेली दिसली असती तर गाडी पडली असं लोक म्हणाले असते. तोवर कुवेतच्या यंत्रातून धूर यायला लागला होता. कुलसूमच्या मौनाचं कारण आता तुमच्या ध्यानात आलं असेल. रिफ्लेक्टर मात्र मी पान्याने नीट काढले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

संध्याकाळी मेहविशने टाकीवर हात फिरवला. "अब्बू, हिचं कुणाशी भांडण झालं?" मी माझा सगळा बेत समजावून सांगितला. ती आधी हसली. मग म्हणाली, "मी चोरून नाही चालवणार हां, अब्बू." एवढंच बोलून आत गेली. चहाही घेतला नाही.

पुढच्या मंगळवारी तिन्हीसांजेला ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि तेवढ्यात हाजी रफाकतने त्याची मालाची रिक्षा मागे घेतली. मागच्या चाकाला धक्का बसला, पोर पडली. कोपर सोललं, बाकी अल्लाहची कृपा. बिचारा हाजी सारखं एकच म्हणत होता, "बेटी, दिसलीच नाहीस तू मला." आपा, त्याला काय बोलू? कुणाला दिसू नये म्हणून तर मी दिवसभर घाम गाळला होता. त्याच संध्याकाळी बिस्किटांचा डबा उघडला. दुसऱ्या दिवशी ट्रक रंगवणाऱ्याकडून चमकणारी पट्टी आणली आणि जिथे जागा दिसली तिथे चिकटवली. आता ती गाडी लग्नघरासारखी लखलखते. हाजी विचारतो, "बशारत, गल्लीत विमान उतरवायचंय का?"

तिच्या कोपराला हळद लावताना मला तुमचं कोपर आठवलं. तुम्ही तेरा वर्षांच्या होतात. भर दुपारी माझी सायकल चोरून घेतलीत, वळणावर पडलात, आणि मी हँडल वाकलं म्हणून रडत जाऊन अब्बांना सांगितलं. त्यानंतर तुम्ही सायकलला कधी हात लावला नाहीत. मलाही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. मी चुकलो होतो, आपा. हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

भाईजानांना सलाम, अंगणातल्या कोंबड्यांना दुवा.

तुमचा भाऊ,
बशारत

ता. क. पत्रावर तिकीट नाही हे तुम्ही पाहिलंच असेल. ते घेऊन आलेली मेहविश तुमच्या समोर उभी आहे. रावीचा पूल ओलांडून शाहदऱ्याला ती पहिल्यांदाच एकटी आली आहे. ती सुखरूप पोहोचली एवढं मला फोन करून कळवा, आणि तेही पत्र वाचायच्या आधी. (हे वाक्य अगदी वर लिहायला हवं होतं. पण आता कागद भरला, आणि ती दारात हॉर्न वाजवते आहे.)

आणखी एक. तिला मगरिबच्या नमाजाआधी, उजेड आहे तोवर परत धाडा. उशीर झालाच तर होऊ द्या, घाई करू नका. आता ती लांबूनही दिसते.

आणि शेवटचं. ती म्हणेल, "फुप्पी, मागे बसा, एक चक्कर मारून येऊ." गुडघ्यांचं निमित्त सांगू नका. अंगावरची चादर नीट खोचून घ्या आणि बसा. मोकळा रस्ता दिसला आणि हँडल धरावंसं वाटलं तर धरा. या खेपेला मी कुणाला सांगणार नाही.