नाव न सांगता लावलेला भैरव

बेंगळुरू, रविवार

अप्पा, तुमच्या पवित्राचा इथूनच वाकून नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते, काळजी नको.

दर रविवारी आम्ही गाणं ऐकणारे पाचसहा जण मारतहळ्ळीला माझ्या खोलीवर जमतो. गाणाऱ्याचं नाव न सांगता रेकॉर्डिंग लावायचं, असा आमचा नियम. आज मी तुमचा भैरव लावला, आजारपणाआधी घरी फोनवर घेतलेला. मधेच आईच्या कुकरची शिट्टी झाली, तरी कुणी हसलं नाही. आमच्यातले जाणकार गुरुदत्त अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "परत लाव की गं. कोण हे?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "आमचे अप्पा."

"अजून गातात ना?"

मी हो म्हणाले. तानपुऱ्याची गवसणी काढा अप्पा, मला खोटं पाडू नका.

तुमचीच,
पवित्रा