दोनशे गाण्यांतली एकच बेबी

सातपूर कॉलनी, नाशिक
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सौ. बेबीताईस,

गोरखचा साष्टांग नमस्कार. (तीर्थरूप आईवडिलांना लिहायचं, थोरल्या बहिणीला तीर्थस्वरूप. हे कंसात सांगायची काही गरज नव्हती, पण तेहतीस वर्षं मराठी शिकवल्यावर हात ऐकत नाही.) दाजींचा गुडघा कसा आहे? बागेची छाटणी उरकली का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तू माझा फोन घेत नाहीस आणि दाजी उचलतात ते दर वेळी 'ती गोठ्यात हे' एवढंच सांगतात. म्हशी विकून दोन वर्षं झाली. रिकाम्या गोठ्यात तू एवढा वेळ काय करतेस हे विचारायचं मी टाळतो, कारण दाजींना खोटं बोलायची सवय नाही आणि त्यांना फार त्रास होतो असं आवाजावरून वाटतं. म्हणून पत्र.

माझ्या निरोपसमारंभातून तू अर्ध्या ताटावरून उठून निफाडची बस धरलीस त्याला सव्वादोन महिने झाले. राखीसुद्धा आली नाही. त्या विषयावर मी काही लिहिणार नाही. तू माइकपुढे उभी राहून म्हणालीस, 'माझा भाऊ लय हुशार हाय', आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या 'आहे' म्हणालो. एकच शब्द, आणि तोही बरोबर. त्यावर सगळं सभागृह हसलं, ही सभागृहाची चूक. तू पुढचं न बोलता खाली उतरलीस. तर त्या विषयावर लिहायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. तुला लिहायचं आहे ते गेल्या महिनाभरात माझी जी शोभा झाली तिच्याबद्दल.

आपली वेदिका एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं प्रबंधाला विषय घेतला आहे इंग्रजी पॉप गाण्यांची भाषा. दोनशे गाणी घ्यायची, त्यांतला एकेक शब्द सोडवायचा, नाम किती, क्रियापदं किती, 'मी' किती वेळा, 'तू' किती वेळा. (गाण्यांची नावं मी इथे लिहीत नाही. तू ती ऐकावीस असं मला वाटत नाही.) आता अशा कामात एकाच माणसाच्या मोजणीवर विश्वास ठेवत नाहीत. दोघांनी एकमेकांचं न बघता तेच काम करायचं आणि मग ताळा बघायचा. शंभरातल्या ऐंशी जागी तरी दोघांचं जुळलं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. वेदिका म्हणाली, पप्पा, तुम्ही रिकामेच आहात. (निवृत्त माणसाला रिकामा म्हणतात, हे मला ऑगस्टमध्येच कळलं.) मी म्हणालो, व्याकरण ते व्याकरण, आण इकडे.

तिनं गाण्यांचे शब्द छापून दिले होते. पहिल्याच पानावर इतकी अशुद्धं निघाली की मी तो गठ्ठा बाजूला सारला आणि कानाला वेदिकाचं हेडफोनचं यंत्र लावून स्वतःच ऐकायला बसलो. लाल पेन, निळं पेन, दोनशेपानी वही. ताई, इंग्रजी गाणं ऐकायला बसलं की पहिला अर्धा तास नुसती ढोलाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. मग हळूहळू दाण्यातून एकेक खडा निघावा तसा शब्द निघायला लागतो. मला पहिला शब्द सापडला तो 'बेबी'.

तुला सांगतो, मी लगेच पुढचं गाणं लावलं. दुसऱ्या गाण्यात पुन्हा बेबी. पाचव्यात तर गायकानं दुसरं काही म्हटलंच नाही. मी प्रत्येक ठिकाणी इमानानं लिहिलं: विशेषनाम, स्त्रीलिंगी, एकवचन, संबोधन. आता मला सांग, दुसरं काय लिहिणार? आपल्या घरात हा शब्द कागदावर नवसाबाई असलेल्या एका बाईचं नाव म्हणूनच मी जन्मल्यापासून ऐकला. (तुला ती गोष्ट ठाऊक आहेच. दवाखान्यातल्या नर्सबाई बाहेर येऊन 'बेबी छान आहे' म्हणाल्या आणि आजोबांना वाटलं, बाईंनी नाव ठेवलं. शिकलेल्या बाईनं ठेवलेलं नाव मोडायचं नाही म्हणून त्यांनी गावभर तेच सांगितलं.) वेदिकानं मात्र त्याच जागी सामान्यनाम लिहिलं होतं. लाडिक संबोधन, म्हणे कुणालाही लागू. कुणालाही कसं लागू होईल?

दुसरा घोळ याहून मोठा. या गाण्यांत बेबीच्या मागोमाग हमखास 'ये, ये, ये' येतं. मी लिहिलं: येणे धातू, आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. अर्थ सरळ लागत होता. बेबी निघून गेलेली, तो तिला बोलावतोय, बेबी, ये, ये. मला त्या गायकाबद्दल आपुलकीच वाटायला लागली, कारण 'या' म्हणत नाही, 'ये' म्हणतो, म्हणजे घरचं माणूस असणार. (वेदिका म्हणते, तो इंग्रजीतला नुसता होकार आहे.) कानाला यंत्र असलं की आपण किती मोठ्यानं बोलतो हे आपल्याला कळत नाही. मी प्रत्येक ओळ म्हणून बघत होतो. शेजारचे दिनेशराव कंपनीत तिसऱ्या पाळीला असतात, दिवसा झोपतात. चौथ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, सर, त्या बेबीबाई यायच्या तेव्हा येतील, तोवर मला जरा झोपू द्या.

महिनाभरानं मी शेवटच्या पानावर निष्कर्ष लिहिले. ते इथे उतरवतो. सदर दोनशे गाण्यांत बेबी नावाच्या एकाच स्त्रीचा सहाशे चौदा वेळा उल्लेख येतो. ती एकशे एकतीस वेळा घर सोडून गेलेली असून का गेली ते गायक कुठेही स्पष्ट सांगत नाही. 'ये' अशी विनवणी नऊशे दोन वेळा केलेली आहे. ती परत आल्याची नोंद आढळत नाही.

तुझ्या भावजयीनं, रोहिणीनं, ते पान वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, एवढं लिहिण्यापेक्षा एकदा ताईंकडे जाऊन आला असतात तर काय झालं असतं? निफाड काही लंडनला नाही. मी म्हणालो, हे संशोधन आहे. ती म्हणाली, दिसतंय.

ताळा बघितला तर शंभरात एकतीस जुळले. वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीची सुट्टी संपली की प्रबंध द्यायचा आहे, आणि बाप मधे उभा. तिच्या रोशनी मॅडमनी मला वहीसकट कॉलेजात बोलावलं. वयानं त्या माझी विद्यार्थिनी शोभतील, पण मी बाकावर बसलो तो गृहपाठ न केलेल्या पोरासारखाच बसलो. मॅडमनी पानं उलटली. लाल शाईनं मी चारशे बारा चुका काढल्या होत्या. ही माणसं दोन शब्द गिळून एक 'गॉना' करतात, एकाच वाक्यात दोनदा नकार घालतात, कर्ता एकवचनी आणि क्रियापद भलत्याच घरचं. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हाला शब्द मोजायला सांगितले होते, चुका काढायला नाही. लाखो माणसं रोज जसं बोलतात त्याला आम्ही चूक म्हणत नाही, बोली म्हणतो.

मी गप्प बसलो असतो, पण वेदिका माझ्याकडे न बघता म्हणाली, आत्याच्या 'हाय'लाही ना, मॅडम? मॅडम म्हणाल्या, अर्थात. त्यांना कोण आत्या, कसलं हाय, काही ठाऊक नाही. मग मला सांगावं लागलं, बेबी ही माझी थोरली बहीण. मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग निष्कर्षाचं पान पुन्हा वाचलं आणि वही ठेवून घेतली. प्रबंधाच्या मागे परिशिष्ट म्हणून जोडणार आहेत, माणूस आपल्या मनात असतं तेच ऐकतो याचा पुरावा म्हणून. मोजणीला दुसरा माणूस मिळेल, वेदिकाचं काम अडणार नाही, असंही म्हणाल्या. परतताना बसमध्ये मी हातावर बोटानं लिहून पाहिलं. 'आहे' आणि 'हाय'. तू सुरुवातीचा 'आ' उचलून 'ह'नंतर ठेवलास एवढंच. टाकलासुद्धा नाहीस. आणि मला पहिला 'आ' अंगणातल्या धुळीत तूच काढायला शिकवलास.

आणखी एक गंमत सांगून पुरे करतो. या गाण्यांत 'सॉरी' त्र्याऐंशी वेळा आहे आणि ते चक्क विशेषण आहे. म्हणजे गायक आपली अवस्था सांगतो, दुखणाईत माणूस सांगतो तशी. आपण काय केलं त्याचा पत्ता नाही. मला हसू आलं. मग आठवलं, आपण तरी काय म्हणतो? 'माझं चुकलं.' यात कर्ता षष्ठीत लपून बसतो आणि क्रियापद आपलं आपणच नपुंसकलिंगी चुकून मोकळं होतं. जसं काही मी तिथे नव्हतोच.

दाजींना नमस्कार. त्यांना सांग, गोठ्याचं निमित्त आता जुनं झालं.

तुझा,
गोरख

ता. क. १. वेदिकाच्या मॅडमना इंग्रजी अजिबात न येणारा आणि आपल्याकडची बोली बोलणारा एक माणूस ऐकायला हवा आहे. तुझ्यासारखं कुणी मिळणार नाही असं त्यांचं म्हणणं. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे, तेव्हा माझ्याकडे न बघता तिच्यासाठी चार दिवस ये.

ता. क. २. पत्र रोहिणीनं वाचलं. मॅडम असं काही म्हणालेल्या नाहीत. ते मी रचलं. पहिल्यांदा दाजींना हसलो, आता कळतं खोटं बोलणं किती अवघड जातं ते. खरं एवढंच आहे: मी चुकलो. (कर्तरी प्रयोग. कर्ता मी.) आणि 'ये' हा आज्ञार्थ आहे, चुकलेल्या माणसानं आज्ञा करू नये, म्हणून रूप बदलतो. मी येतो. भाऊबीजेला सकाळच्या पहिल्या बसनं. त्या दिवशी तेवढी गोठ्यात जाऊ नकोस.

ता. क. ३. तुझं माइकवरचं वाक्य मी पुन्हा एकदा नीट तपासलं. व्याकरणात कुठेही चूक नाही. चूक माहितीत आहे. तुझा भाऊ लय हुशार नाय.