पुढच्या प्रवासाचा पुरावा

४ जानेवारी, सकाळ

निर्णय झाला. तिकीट काढलं. एकेरी. नुसतं जायचं, यायचं नाही. म्हणजे यायचं, पण कधी ते कुणी विचारायचं नाही.

निवृत्त होऊन वर्ष होत आलं. माणूस घरात खुर्च्या बदलून बदलून किती बसेल? हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. काल सौ. म्हणाली, अहो एका जागी बसा, मला चक्कर येते. मनात म्हटलं, आता बघच.

सौ.ची धाकटी बहीण परदेशात असते. कपडे लहान-मोठे करून द्यायचं दुकान आहे तिचं. कधीची बोलावते आहे. तेव्हा दोघांनी तिच्याकडे जायचं. सौ.चं तिकीट मात्र जाण्यायेण्याचं काढलंय. पंधरा दिवसांत तिला घर आठवणार, कुंड्या आठवणार, ते शिलाई मशीन आठवणार. तिला परतीच्या विमानात बसवून दिलं की मी मोकळा. खांद्यावर सॅक आणि वाट फुटेल तिकडे. वर्षभर तरी.

हे तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगीन.

४ जानेवारी, संध्याकाळ

योग्य वेळ आली नाही. ती पडदे शिवत होती.

९ जानेवारी

जिन्यात सल्लागार भेटले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. कुणी न विचारता सल्ला देतात म्हणून हे नाव मी ठेवलंय. म्हणाले, एकेरी तिकिटावर विमानात चढूच देत नाहीत. पुढच्या प्रवासाचा पुरावा लागतो. एक तर परतीचं तिकीट, नाहीतर तिथून तिसरीकडे जायचं. मी म्हटलं, माणूस सज्जन आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळतं. ते म्हणाले, कळतं ना, म्हणूनच तर तुमच्याकडे मागतील.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं. सौ.ला उद्या सांगायचं. नक्की.

१० जानेवारी

तिचं डोकं दुखत होतं.

१९ जानेवारी

नवी सॅक आली. जागतिक दर्जाची. सवय व्हावी म्हणून रद्दीचे गठ्ठे भरून घरातल्या घरात चाललो. स्वयंपाकघरात वळताना मागचा भाग फळीला लागला आणि दोन बरण्या खाली आल्या. वस्तू चुकीच्या उंचीवर ठेवायची सवयच आहे या घरात. सौ.नं काचा गोळा केल्या आणि विचारलं, बहिणीचा फ्लॅट डोंगरावर आहे का? मी नुसता हसलो. गूढ हसलो.

कंबर धरली आहे. संकल्प : रोज अर्धा तास सॅक. उद्यापासून. म्हणजे कंबर सुटल्यापासून.

३ फेब्रुवारी

कंबर अजून तशीच. सॅकला चाकं असती तर बरं झालं असतं, असं एक क्षण वाटून गेलं. लिहून ठेवतो आणि विसरतो.

सौ.ला सांगायचं राहिलंय. आता तिकडे पोचल्यावर, तिच्या बहिणीसमोर सांगीन. पाहुणी म्हणून आलेली बाई चारचौघांत भांडत नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी ६

निघालो! दाराला कुलूप लावल्यावर सौ.नं ते तीनदा ओढून पाहिलं. मी एकदाही नाही. मोकळ्या माणसाला कुलपाशी काय करायचंय?

११ फेब्रुवारी, दुपारी ४

घरी. घडलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझी चूक नव्हती हे पुढे लक्षात राहील.

काउंटरवर एक पोरसवदा मुलगी. सौ.चे कागद पाहिले, बॅग पट्ट्यावर टाकली, हसली. माझे कागद पाहिले, हसायची थांबली. परतीचं तिकीट? नाही. मग तिथून पुढे कुठं जाणार? मी म्हटलं, ठरलेलं नाही, त्यातच तर मजा आहे. ती म्हणाली, तिकडे तुम्हाला अडवलं तर आमच्या कंपनीला स्वतःच्या खर्चानं परत आणावं लागतं, काहीतरी कागद हवाच. मी म्हटलं, मुली, औषधांच्या गोदामात उभा जन्म काढला, गेटपास नसला तर मालकाच्या जावयाचंसुद्धा खोकं बाहेर सोडलं नाही, मला नियम शिकवू नकोस. ती म्हणाली, मग तुम्हाला लगेच समजेल.

वर म्हणते कशी, यांचं परतीचं आहे की, तुमचंच कसं नाही?

सौ. माझ्याकडे वळली. विचारलं, तुमचं परतीचं नाही? मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, निवांत सांगतो. ती म्हणाली, बरं. पुढे काही बोलली नाही. समजूतदार आहे. दुसरी असती तर तिथंच तमाशा केला असता.

मग मुलीचे साहेब आले. म्हणाले, काका, आत्ता फोनवरून कुठलंही स्वस्तातलं तिकीट काढा, नंतर रद्द करा, सगळे तेच करतात. मी म्हटलं, सगळे करत असतील. वापरायचं नाही असं तिकीट काढणं म्हणजे सरळसरळ खोटं बोलणं. मी तत्त्वाचा माणूस आहे. तत्त्व पूर्ण समजावून सांगेपर्यंत काउंटर बंद झाला.

सौ.ची बॅग तोवर आत गेलेली. मी मोठ्या मनानं म्हटलं, तू हो पुढे, मी येतोच मागच्या विमानानं. आता ही म्हणणार, तुमच्याशिवाय मी एकटी कशी जाऊ. आजवर दाताच्या डॉक्टरकडे कधी एकटी गेली नाही. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तिनं विचारलं, जाऊ? मी म्हटलं, जा ना. आणि गेली. आतल्या दारापाशी वळून हातसुद्धा केला. काउंटरवरच्या मुलीला.

१२ फेब्रुवारी

पोचल्याचा फोन. तिला कुणी काही विचारलं नाही. परतीचं तिकीट दाखवलं, शिक्का मारला, झालं. माझी चौकशी तिनं केली नाही. दगदग झाली असेल.

मी दोन दिवसांत तिकडे असेन.

१५ फेब्रुवारी

तिकिटांच्या एजंटकडे. त्याला म्हटलं, परतीचं काढणार नाही, तो माझा पराभव ठरेल, पण पुढच्या देशाचं काढतो. तो म्हणाला, काढा, पण तो देशही विचारणार, पुढे कुठं? म्हटलं, मग त्याच्या पुढच्याचं काढू. म्हणाला, तोही विचारणार. आम्ही दोघं नकाशावर बोट ठेवून पुढे पुढे जात राहिलो. पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकलो होतो, पटलं आज. शेवटचं तिकीट आमच्याच विमानतळावर येऊन उतरलं.

एजंट म्हणाला, हेच लांबचं परतीचं तिकीट. मी त्याच्याकडचा चहा न घेता उठलो.

१७ फेब्रुवारी

सौ.चा फोन. घाईत होती. बहिणीच्या दुकानात हात लावते आहे म्हणे. कुण्या वादकाच्या कोटाचं अस्तर बदलून दिलं, तर त्यानं खुशीत येऊन दुकानातच वाजवून दाखवलं. रस्त्यावरची माणसं काचेशी थांबली. हे सांगताना इतकी हसत होती की मला वाटलं, फोन चुकून दुसऱ्या कुणाला लागलाय.

मी म्हटलं, मशीनच चालवायचं होतं तर परदेशी जायची काय गरज होती? फोन कट झाला. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.

१८ फेब्रुवारी

घरात फार चालतो. पाय थांबतच नाहीत. गॅलरी, हॉल, स्वयंपाकघर, परत गॅलरी. सल्लागार वर आले, म्हणाले, छताचा पंखा हलतोय आमचा. चहा द्यावा म्हटलं तर साखर सापडेना. तेही शोधू लागले. बिनसाखरेचा प्यायलो. मी म्हटलं, तब्येतीला हाच चांगला.

त्यांनी युक्ती सांगितली. पुढच्या प्रवासाचं तिकीट नुसतं राखून ठेवता येतं, पैसे न भरता. तेवढ्यापुरता नंबर मिळतो. तो दाखवायचा आणि चढायचं. वापरायचं नाही असं तिकीट, हे खरं. पण मी ते काढतच नाही, नुसतं राखतो. तत्त्व शाबूत राहतं.

२२ फेब्रुवारी, दुपार

विमानतळावर. विमान उशिरा सुटणार, काउंटरही उशिरा उघडणार. हरकत नाही. नवं एकेरी तिकीट आणि राखलेल्याचा नंबर, दोन्ही खिशात आहे. सौ.ला मेसेज केला : येतोय! उत्तर नाही. गिऱ्हाईक असेल.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

तीच मुलगी! मी नंबर पुढे केला, ऐटीत. तिनं मशीनवर टाकला. परत टाकला. म्हणाली, काका, असं तिकीटच नाही. राखलेल्याची मुदत दुपारीच संपली. उशीर केला त्यांच्या विमानानं आणि मुदत संपली माझी. हात दाखवून अवलक्षण.

मुलीनं विचारलं, मावशी कशा आहेत? मी म्हटलं, मजेत. ती म्हणाली, छान. मला का कोण जाणे तिचा राग आला नाही. स्वतःचाच आला, पण लगेच गेला.

२५ फेब्रुवारी

आता जाण्यात अर्थ नाही. उद्या सौ.च येते आहे. उगाच दोन विमानं आकाशात एकमेकांना ओलांडून जायची.

जगप्रवास तूर्त पुढे ढकलला. ती आल्यावर तिच्याशी मोकळेपणानं बोलायचं, तिची समजूत काढायची आणि मग निघायचं. आज घर झाडलं. कुंड्यांना पाणी घातलं, जरा जास्तच झालं, खालून सल्लागारांनी ओरडून कळवलं. तिच्या उशीचा अभ्रा बदलला. बदललेला परत काढून इस्त्री केला. का, ते माहीत नाही. वेळ जात नव्हता.

२६ फेब्रुवारी

विमान वेळेवर आलं. माणसं बाहेर आली. पहिल्यांदा घाईवाले, मग बॅगवाले, मग म्हातारी माणसं. शेवटी विमानातले कर्मचारीही आले. मी कठड्याला रेलून उभा. वाटलं, बॅग सापडत नसेल. वाटलं, बाथरूमला गेली असेल. झाडूवाल्यानं बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा फोन लावला.

तिनं पहिल्या रिंगला उचलला. म्हणाली, निघालेच नाही. मी म्हटलं, अगं तिकीट होतं ना परतीचं! ती म्हणाली, ते दाखवायला होतं, दाखवलं. वापरलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

मी म्हटलं, हे खोटेपणाचं आहे.  ती अगदी हळू आवाजात म्हणाली, तुम्ही मला विमानात घालून परस्पर निघून जाणार होतात. नुसतं सांगितलं असतंत तर मी तुमची सॅक भरून दिली असती. मी अडवलं असतं असं वाटलं तुम्हाला? इतकी वर्षं एका घरात राहून?

मी  विचारलं, कधी येणार? म्हणाली, ठरलेलं नाही.

आजूबाजूला माणसं होती म्हणून रडलो नाही. थोडा रडलो.

४ मार्च

रागाच्या भरात माणूस बोलतो. आठ दिवसांत येईल. बायकांचा जीव घरात असतो.

१३ मार्च

आली नाही. घर खायला उठतं. आज दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो. सॅक माळ्यावर टाकली.

सल्लागार म्हणाले, तुम्हीच जाऊन या की. मी म्हटलं, मी असा कुणाच्या मागे जाणारा नव्हे.

१६ मार्च

सकाळी फोन केला. भाषण तयार केलं होतं. तिनं बोला म्हटल्यावर एक शब्द आठवेना. म्हटलं, चुकलं माझं. मला करमत नाही. जग वगैरे काही बघायचं नाही मला, तुझ्याकडे यायचंय.

ती म्हणाली, या.

इतकं बरं वाटलं की उभाच राहिलो. म्हटलं, आज लगेच तिकीट काढतो, आणि एकेरीच काढतो, तू म्हणशील तितके दिवस राहीन, तू म्हणशील तेव्हा दोघं मिळून परत येऊ.

ती म्हणाली, नको. परतीचं काढूनच या.

मी विचारलं, कितव्या तारखेचं काढू? म्हणाली, थांबा, बहिणीला विचारून कळवते.