संपत्तिकराला लावलेलं हळदीकुंकू

इंदूर, बडा गणपतीजवळ
मंगळवार, दुपार (लाइट गेली आहे)

ती. यशवर्धनराव भाऊजी आणि लक्ष्मीताई यांना जयसिंगचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच केला असं समजा. भाव साष्टांगाचाच आहे.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईची शुगर वाढली असेल तर तिला सांगा की इथून पाठवलेली शेव तिच्यासाठी नव्हती, तुमच्यासाठी होती. आम्ही दोघं मजेत आहोत. मंजिरी तर इतकी मजेत आहे की मला काळजी वाटते. तुमचे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत, त्याबद्दल माफी असावी. पण भाऊजी, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी तोंड उघडलं की तुमचं “अरे जयू, आधी माझं ऐक” सुरू होतं. पत्राला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून एवढ्या वर्षांनी पेन शोधलं.

तुमचा प्रश्न साधा आहे. निधीचा साखरपुडा आमच्या खालच्या हॉलमध्ये करायचा हे दिवाळीत ठरलं, मुलाकडचे लोक इंदूरचे, मामाचं घर इंदूरला, सगळं जमून आलेलं. तर हॉल त्या तारखेला पक्का ना? उत्तर मीही एका शब्दात दिलं असतं. पण मध्ये संपत्तिकर आला (तुमच्या नागपूरला मालमत्ता कर म्हणतात), आणि त्याच्यामागून तुमचा सल्ला आला.

झालं असं की जानेवारीत मंजिरीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तुम्हाला माहीत आहे, ती हळदीकुंकू करते म्हणजे अर्धं शहर येतं. दारात चपलांचा डोंगर, गल्लीत स्कुट्या, आत बायकांची रांग. रांगेच्या टोकाला मंजिरी प्रत्येकीला हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन, वाण म्हणून एकेक चहाची गाळणी वाटत होती. (यंदा गाळणी. गेल्या वर्षी साबणदाणी होती, तिच्यावरून बऱ्याच नाराज्या झाल्या.) नेमका त्याच संध्याकाळी घरांचा सर्व्हे करणारा माणूस फाटकात उभा राहिला. मी मागच्या अंगणात, कारण हळदीकुंकवात पुरुषाला घरात जागा नसते. त्याने दारातल्या बाईला विचारलं की इथे काय चालतं. ती बाई म्हणजे आमच्या शेजारची सोनल, तिने त्याला सांगितलं, “हर साल चलता है भिया, इस बार माल अच्छा है, लाइन में लग जाओ.” तो बिचारा लाइनमध्ये लागला नाही. त्याने टॅबलेटवर बोट फिरवलं आणि निघून गेला. महिन्याभराने नोटीस आली: तळमजला कमर्शियल, हॉल आणि विक्री. टॅक्सचा आकडा लिहीत नाही, तुमच्या बीपीची गोळी मला माहीत आहे.

मंजिरीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, संजीवजींना बोलवा. हे संजीवजी म्हणजे चौकातल्या फोटोकॉपीच्या दुकानामागे केबिन टाकून बसणारे टॅक्स सल्लागार. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचं काम तेच करतात. मी म्हणालो, जरा भाऊजींना विचारू. आणि तुम्ही फोनवर, आठवतं का, पाऊण तास मला समजावलंत की आपल्या घराचं आपल्याइतकं कोणाला कळतं, दलालाला फी कशाला, आपली बाजू आपणच ठासून मांडावी. मी भारावून गेलो. (फोन ठेवल्यावर ताई मंजिरीला म्हणाली म्हणे, की तुमच्या घराचा टॅक्स आजपर्यंत तुमचा शिपाई भरत होता आणि तो रिटायर झाल्यापासून कोणीच भरलेला नाही. ते मला उशिरा कळलं.)

तर मी स्वतः लढायला निघालो. सांवेर रोडच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, इन्स्पेक्टर कमी पाहिले का? हरकतीचा अर्ज मी शुद्ध हिंदीत लिहिला, आणि सुरुवात कुठून करावी म्हणून पणजोबांपासून केली: होळकरांच्या फौजेत ते कसे आले, त्यांना ही जागा कशी मिळाली, असं करत करत चौथ्या पानावर हळदीकुंकवाला पोचलो. झोन ऑफिसात सुनावणीला पलक मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या. फार सभ्य बाई. पणजोबांच्या घोड्यापर्यंत त्यांनी मन लावून वाचलं, मग विचारलं की हॉल किती वर्गफूट (आपले चौरस फूट) आहे. आता घोड्याचं नाव मला माहीत होतं, भाऊजी, वर्गफूट कोणाला माहीत असतं?

इथवरही निभावलं असतं. पण त्यांनी एवढंच विचारलं की ही विक्री नाही, रिवाज आहे, याला काही आधार आहे का. आणि मी, तुमच्या शब्दाला जागून, पिशवीतून फोटोंचे अल्बम काढले. आपल्या लोकांची ही खोड तुम्हाला ठाऊक आहे, कोणी एक फोटो मागितला की आपण कपाट रिकामं करतो. मी टेबलावर सगळं पसरलं. दर वर्षीचं हळदीकुंकू, शितोळ्यांच्या घरची मुंज, सुरभीचं डोहाळजेवण, भोंडला, बारशी, कोणाकोणाचे साखरपुडे, सगळं आमच्याच हॉलमध्ये. बघा मॅडम, म्हटलं, आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे, इंदूरच्या अर्ध्या मराठी घरांची कार्यं इथेच होतात. बोलताना माझे डोळे भरून आले. मॅडम म्हणाल्या, “सर, ये तो आपने बहुत अच्छा किया,” आणि एकेका फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला. घरी येईपर्यंत मी खूश होतो. मग मंजिरीने समजावलं की मी स्वतःच्या हाताने मागच्या सगळ्या वर्षांचा कमर्शियल हॉल सिद्ध करून आलोय. मग तिने अल्बम उचलले आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी संजीवजी घरात होते. मला विचारलं नाही, कळवलंसुद्धा नाही, फक्त चहा तीन कप झाला. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा पुसला. आधी आला असतात तर घरगुती कार्यक्रम असं एक शपथपत्र दिलं असतं, विषय खतम, म्हणाले. आता एकच रस्ता, मॅडम जागेवर तपासणीला येतील तेव्हा हॉल राहतं घर दिसला पाहिजे. हॉलमध्ये खाट आली, कपडे वाळवायची दोरी आली, कोपऱ्यात कांदे पसरले. खाटेवर शाल घेऊन आजारी माणूस पडलेला हवा. त्या माणसाने अजिबात बोलायचं नाही, ही अट माझ्याकडे बघून तीनदा सांगितली. आणि मंजिरीला ताकीद, की कोणाला काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा मागितलं तरच.

सगळं ठीक चाललं होतं. मॅडमनी खाट पाहिली, दोरी पाहिली, मी शालीतून कण्हलोही. त्या जायला वळल्या. पण भाऊजी, वार शुक्रवार, बाईच्या गळ्यात मंगळसूत्र, आणि पहिल्यांदा घरी आलेली. मंजिरीचा हात थांबेना. संजीवजी डोळ्यांनी नको नको करतायत, आणि ही कुंकवाचा करंडा घेऊन पुढे. हळदीकुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस घालून ओटी भरायला घेतली, वर कपाट उघडून उरलेली गाळणी काढली. कपाटात गाळण्यांचे खोके, ब्लाउजपीसची चळत, नारळाचं पोतं. मॅडमनी विचारलं, “ये सबको देते हैं?” मंजिरी अभिमानाने म्हणाली, “जो भी आए, खाली हाथ नहीं जाती.” मॅडम लिहू लागल्या. तेव्हा मला राहवलं नाही. मी खाटेवरून उठून रिवाज म्हणजे काय ते पुन्हा समजावलं, उभं राहून, पणजोबांसकट. ओटी आणि गाळणी मॅडमनी हात जोडून परत केली, कुंकू मात्र पुसलं नाही. बाई खरंच सभ्य.

आदेश आला. वरचा मजला घर, खालचा मजला कमर्शियल. मी दोन दिवस तोंड लपवून होतो, आपल्या घराला दुकान ठरवून घेणारा आमच्या कुळात पहिला मीच. मंजिरी मात्र शांतपणे म्हणाली, कमर्शियल टॅक्स भरायचाच आहे तर कमर्शियल काम करू. आता फाटकावर ‘मंजिरी मांगलिक भवन’ (म्हणजे आपलं मंगल कार्यालय) असा बोर्ड आहे, संजीवजींनी परवानगीचे कागद करून दिले, आणि फुकट कार्य करून जाणारी अर्धी मंडळी आता नमस्कार करत नाहीत. उरलेली अर्धी ॲडव्हान्स देऊन गेली. तेव्हा तुमच्या सल्ल्याबद्दल मनापासून आभार. पुढच्या वेळी कोणाला द्याल तेव्हा आधी ताईला विचारून द्या.

निधीला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तसाच ठेवावा.

आपला मेहुणा,
जयसिंग

ता. क. तारखेचं राहिलंच. त्या दिवशी हॉलमध्ये संजीवजींच्या भाच्याचा तिलक (त्यांच्यातला साखरपुडाच) आहे. आमचं पहिलं बुकिंग. मंजिरीने पावती फाडून दिली आहे. ही गोष्ट मी ताईला फोनवर सांगू शकलो नाही, म्हणूनच हे एवढं पत्र. पोरीचा साखरपुडा मामाच्या घरी व्हावा अशी माझीच फार इच्छा होती, भाऊजी. मला वाईट वाटतंय, खोटं बोलत नाही.

ता. क. २. मंजिरी म्हणते पुढचा रविवार मोकळा आहे, पण पावती सगळ्यांना सारखीच. जावयाकडून पैसे घेणं आमच्या घराण्यात नाही, तेव्हा तुम्ही एक रुपया देऊ नका. ताईच्या हाती पाठवा.

ता. क. ३. मूळचीच तारीख हवी असेल, किंवा दर कमी करून हवा असेल, तर मंजिरीशी स्वतः बोलायला जाऊ नका. मी बोललो होतो, दोन दिवस वरण-भात मिळाला. यात संजीवजींना नेमा. तारीख त्यांच्याच हातात आहे आणि मंजिरी फक्त त्यांचंच ऐकते. नंबर मागे लिहिला आहे. फी घेतात, पण माझं नाव सांगू नका, वाढवतील.