मंजुळेची शेवटची सहा पानं

१९ मार्च २०२५, बुधवार

आज याडीनं स्वतःहून विचारलं — "काय असते वं त्या पुस्तकात?"

लग्नाला अठरा वर्षं झाली. सासूबाईंच्या तोंडून हा प्रश्न पहिल्यांदा! आजवर एकच ठरलेलं — "कागद चाटून पोट भरते काय?" पण परवा यवतमाळला डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. वावरात जायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही. अख्ख्या तांड्याला कामाला लावणारी बाई भिंतीला टेकून बसलीय.

म्हटलं, वाचून दाखवू?

"दाखव. झोप तरी लागन."

२० मार्च

कोणती वाचावी? सकाळभर तोच विचार. पत्र्याच्या पेटीत माझ्या एकवीस कादंबऱ्या. कोठाळेंच्या पोलिसी कथा मला फार आवडतात, पण त्यांच्यात पहिल्याच पानावर मुडदा. याडी म्हणेल, अपशकुन.

शेवटी सुमित्रा वझलवारच. माझी सगळ्यात लाडकी लेखिका! तिची माणसं ताटात काय वाढलंय ते आधी सांगतात, दुःख मग. 'सात वळणांचा घाट' मी बारावीत पहिल्यांदा वाचली, नंतर चार वेळा. मंजुळा — नवऱ्यानं टाकलेली, घाटात चहाची टपरी चालवणारी.

पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटलं. याडी झोपलीबिपली नव्हती.

"थांबली काहून?"

२३ मार्च

मंजुळा आता आमची शेजारीणच झालीय. आज टपरीवर येणाऱ्या ट्रकवाल्याचं प्रकरण आलं तर याडी म्हणते, "तिले सांग, याच्या गोड बोलण्यात येऊ नको."

"याडी, छापलेलं आहे ते. तिला कसं ऐकू जाईल?"

"मंग मोठ्यानं वाच!"

२६ मार्च

शेजारच्या लालीबाई परवापासून येतात. काल पलीकडच्या घरची रंजिता आली. आज मोजल्या — अकरा बाया! जेवणं आटोपून, बसायला आपापली पोती घेऊन. आधी याडीच्या डोळ्यात औषधाचे थेंब, मग मंजुळा. कादंबरीतल्या तिसऱ्या वळणावर लालीबाईंनी पदर ओला केला. रंजिता म्हणाली, टीव्हीत अशी बाई कधी दिसलीच नाही.

मधेच माझा नवरा जीवन वावरातून आला. "चहा भेटन काय?"

"बस तिकडं. मंजुळेचं चालू हाय," याडी म्हणाली. पोटच्या पोराला! मी पुस्तकाआड तोंड लपवून हसले.

२८ मार्च

उद्या शेवट.

शेवटच्या सहा पानांत मंजुळा मरते. टपरीत, तापानं, एकटी. सतराव्या वर्षी मी त्यावर रात्रभर रडले होते, वाटलं होतं यापेक्षा भारी शेवट जगात नसेल. आज थेंब घालताना याडी हळूच म्हणाली, "मंजुळेचं चांगलं होते ना वं? माही बहीण अशीच टाकलेली होती. तिचं नाई झालं."

अठरा वर्षांत या बहिणीचं नाव मी ऐकलं नव्हतं.

२९ मार्च

काय केलं मी हे!

ती सहा पानं आली आणि जीभ अडली. समोर अकरा बाया. याडी डोळे मिटून बसलेली, हात माझ्या गुडघ्यावर. बोट ओळीवर तसंच ठेवलं आणि तोंडातून भलतंच यायला लागलं. मंजुळेला ताप आला — आणि उतरला! ट्रकवाल्याची म्हातारी आई टपरीत राहिली, तिनं पेज पाजली. मंजुळा उठली. सातव्या वळणावर दुसरी टपरी टाकली, तिथं आपल्यासारखीच एक टाकलेली पोरगी बसवली. कुठून सुचत होतं? पाऊण तास बोलत होते.

लालीबाईंनी टाळ्या वाजवल्या. याडीनं माझा गुडघा थोपटला. मग म्हणाली, "बरं झालं वं बाई."

वझलवारबाई, माफ करा. पाच वेळा वाचून तुम्हालाच दगा दिला. पण आतून अशा उकळ्या फुटतायत म्हणून सांगू!

१ एप्रिल

"दुसरा भाग हाय काय?" परवा रंजितानं विचारलं. मी म्हटलं, आहे! आता तेच पुस्तक उघडून रोज पुढचं सांगते. मंजुळेनं मोबाइल घेतला. सरपंचाशी भांडली. भाकऱ्या थापताना मी तिची वाक्यं पुटपुटते, तवा करपतो. खोटं बोलतेय हे कळतं. पण इतकी आनंदात मी कधी होते?

३ एप्रिल

संपलं सगळं.

मी पाणी भरायला गेले होते. लेक खुशी सकाळची शाळा करून आली, पुस्तक हातात घेतलं आणि शेवटचं पान याडीला मोठ्यानं वाचून दाखवलं. हंडा घेऊन दारात आले तर पोरगी ओरडतेय, "आई, मंजुळा तर मरते!"

दुपारी याडी म्हणाली, आज वाचन नाही. बाया परत गेल्या. संध्याकाळी जीवनला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, तो गाडी काढून फुलसावंगीला गेला. मला दोघांनीही सांगितलं नाही. याडीला कागदाची कुठं आवड लागत होती, आणि मीच त्यात खोटं कालवलं.

४ एप्रिल

सकाळी याडीनं चहासोबत दोनशे पानी वही समोर ठेवली. नवी कोरी.

"मले त्याच दिवशी समजलं होतं. पाऊण तास वाचलं तू, अन् पान एकदाबी उलटलं नाही. डोळे बंद होते माहे, कान नाई."

मग काल बोलली का नाहीस, मी विचारलं.

"वही आल्याबिगर काय बोलू? लिव आता. त्या बाईची मेली. तुयी मले जिती पायजे."