'वाढवा' नावाचं बटण

नाना, तुमचं भांड्यांचं दुकान मी पुन्हा उघडलं आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि तेही अभ्यास म्हणून. निवृत्त बाईने भजनी मंडळात जावं नाहीतर लोणची घालावीत, हे महाडात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मला ते मान्य नव्हतं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आता जरा आपण शिकावं म्हणून एसटी स्टँडजवळच्या एका क्लासात नाव घातलं. तिथे वेब पानं बनवायला शिकवतात, आणि ती नुसती वाचायची नसतात. बटण दाबलं की पान उत्तर देतं, आकडा बदलतो. बाकी सगळी मुलं कॉलेजातली. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "आजी, कोणाला न्यायला आलात?" मी म्हटलं, "तुलाच. चल घरी." त्यानंतर मला तिथे कोणी आजी म्हटलेलं नाही.

सरावासाठी प्रत्येकाने एक दुकान बनवायचं होतं. माल मांडायचा, नग कमीजास्त करता यायला हवेत, खाली बेरीज, आणि शेवटी दुकान बंद करायचं बटण. मुलांनी बूट आणि मोबाइल मांडले. मी हंडे, कळश्या, परात आणि तांब्याचा बंब मांडला. बंद करायच्या बटणावर काय लिहायचं याचा विचारसुद्धा केला नाही, 'वाढवा' असं लिहून मोकळी झाले. तुम्ही रोज संध्याकाळी फडकं झटकून "चला, दुकान वाढवू या" म्हणायचात. एकदा कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमधून सुट्टीला आले असताना मी विचारलं, "नाना, दुकान बंद करायचं?" तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर डाफरलात. "बंद पडो शत्रूचं. वाढवायचं म्हणावं. त्या नन्स एवढंही शिकवत नाहीत?" मी रडले होते. शब्द मात्र कायमचा बसला.

शिकवणारी मुलगी पुण्याची. माझं पान तपासताना तिने ते बटण दाबलं आणि पडदा रिकामा झाला. पुन्हा उघडून पुन्हा दाबलं.

"मॅडम, इथे चूक आहे. 'वाढवा' दाबलं की हंडे वाढायला पाहिजेत. तुमचं तर दुकानच बंद होतंय."

"चूक नाही. दुकान वाढवलं की बंदच होतं. बंद म्हणणं अशुभ."

"आमच्याकडे बंदच म्हणतात."

"तुमच्याकडे काहीही म्हणतात."

ती हसली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "पण मॅडम, ज्याला खरंच दुकान मोठं करायचं असेल, तो काय म्हणणार?"

मी पिशवी उचलली आणि घरी आले.

तुम्हाला ती दुपार आठवते का? मे महिना आहे, लग्नसराई. वर डोंगरातल्या कुडपणहून एक बाई लेकीच्या रुखवताची भांडी घ्यायला उतरली आहे. भांड्यांवर नावं घालायला तुम्ही मला बसवलं आहे. हातात बारीक छिन्नी, छोटी हातोडी. बाई माझ्या डोक्यावर वाकून बघते आहे. "नीट घाल गो, नायतर सासरची म्हनतील आमचीच हायत." तुम्ही गल्ल्यावरून सांगता, "काळजी नको. पोर इंग्रजी शाळेत आहे, अक्षर बघा कसं आहे." त्यावर ती म्हणते, "अगो बाय, मंग इंग्रजीत घालू नको हां." दुकानभर हसू. त्या संध्याकाळी छिन्नी आणि हातोडी तुम्ही मला देऊन टाकलीत. त्याच संध्याकाळी मी गल्ल्यापाशी जरा टेकले, तर म्हणालात, "तिथे नको. ती जागा बायकांची नाही." एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने उठवायचं. तुमचं सगळं असंच होतं, आणि त्याचा राग मला तेव्हाही होता.

मग शेवटचं दुखणं. तुम्ही माजघरात खाटेवर, मी शाळेत शिकवायला निघालेली. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "दुकान वाढव, बाय." पुढे काही नाही. संध्याकाळी मी परतेपर्यंत बोलणं गेलं होतं. मी धरून चालले, तुम्ही निकाल दिलात: मुलगा नाही, आता बंद कर. मी आज्ञा पाळली. माल मोडीत, वजनावर गेला. पुराचं पाणी बाजारात शिरलं की छातीशी धरून आपण माळ्यावर न्यायचो ती भांडी तराजूत टाकली गेली आणि मी कोरडी उभी राहिले. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पोरीला इंग्रजी शिकवायला बापाने एवढा खर्च केला आणि तिला गल्ल्यावर बसवण्याइतकाही भरवसा त्याला वाटला नाही, हे मी मनात धरून जगले. तुमच्या श्राद्धाचं पान वाढतानासुद्धा.

आता ती पुण्याची मुलगी विचारते, मोठं करायचं असेल तर काय म्हणणार. तोही 'वाढवा'च म्हणणार. आणि नाना, ती सकाळची वेळ होती. सकाळी कोण दुकान वाढवतं? पण तापात माणसाला सकाळ-संध्याकाळ कुठे कळते, हेही खरं. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं. शाळेत असे वाद मी मिनिटात मिटवत असे. हा मिटत नाही. तुम्हाला विचारायला हवं, आणि तुम्ही नाही.

पान मी दुरुस्त केलं. बंदच्या बटणावर 'बंद करा' लिहिलं. तुम्ही डाफरला असतात. 'वाढवा' आता हंड्यांशेजारी आहे. दाबलं की एक हंडा वाढतो, पुन्हा दाबलं की आणखी एक. शिकवणाऱ्या मुलीने शाबासकी दिली, ती मी घेतली. नंतर घरी बसून किती वेळ दाबत होते कोण जाणे. पान पुन्हा उघडलं की सगळे हंडे जातात; ते टिकवायचं अजून शिकवलेलं नाही.

हा कागद छिन्नी-हातोडीच्या डब्यात जाईल. तुम्ही मला गल्ल्यावरून उठवलंत, हे मी जन्मभर सांगत आले. एक मात्र कधी कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. मला दुकान हवं होतं, नाना.